‘मद्रास कॅफे’ : निवेदन कोणाचे, दुःख कोणाचे?

यादवी युद्धाची कथा कोणाच्या तोंडून ऐकावी, हा प्रश्न शुजित सरकार यांच्या ‘मद्रास कॅफे’ (२०१३) या हिंदी चित्रपटाने आमच्यापुढे उभा केला. श्रीलंकेतील १९८३ ते २००९ चा संघर्ष, भारतीय शांतिसेनेची १९८७ ते १९९० मधील मोहीम आणि १९९१ मधील राजीव गांधींची हत्या हा त्याचा आधार. नावे मात्र बदललेली आहेत.

कथेची चौकट आम्हां ख्रिस्ती प्रेक्षकांना चटकन जवळची वाटते. गुप्तचर अधिकारी विक्रम (जॉन अब्राहम) कसौलीच्या चर्चमध्ये धर्मगुरूंपुढे आपली हकिगत सांगतो. माजी पंतप्रधानांना वाचवता आले नाही, ही त्याची खंत खरी आहे. परंतु पापनिवेदनात माणूस स्वतःच्या अपराधाचे नाव घेतो. विक्रम सांगतो ते मुख्यतः अपयश. जाफन्यातील सामान्य तमिळ माणसावर काय ओढवले, ते त्यात ओझरतेच येते.

ते सांगण्यासाठीच पत्रकार जया (नर्गिस फाखरी) कथेत असावी, अशी अपेक्षा निर्माण होते. ती बंडखोर नेत्याची मुलाखत घेते, धोका पत्करते. पण पुढे विक्रमची साहाय्यक एवढीच उरते. नारायणगाव ही तमाशाची पंढरी. वगातला सोंगाड्या राजालाही आडवा प्रश्न घालतो आणि त्यानेच वग रंगतो, हे इथल्या प्रेक्षकाला सांगावे लागत नाही. जयाला तो अधिकार लेखकांनी दिलेला नाही.

वास्तवात तो अधिकार बजावणारी पत्रकार होती. मेरी कोल्विन २००१ मध्ये श्रीलंकेच्या बंडखोर प्रदेशात शिरली, अन्न-औषधांवाचून होणारे नागरिकांचे हाल तिने लिहिले आणि परतताना सैन्याच्या माऱ्यात डावा डोळा गमावला. २०१२ मध्ये सीरियातील होम्स येथे ती मारली गेली. तिच्यावरील ‘अ प्रायव्हेट वॉर’ (२०१८) या चित्रपटात कथेचा केंद्रबिंदू पत्रकारच आहे.

‘मद्रास कॅफे’चा संयम, नाचगाण्यांचा अभाव, युद्धाला शौर्यगीत न बनवण्याची वृत्ती यांचे आम्ही मनापासून कौतुक करतो. तरीही मडू येथील पवित्र मरियेचे तीर्थमंदिर आठवते. युद्धकाळात हजारो विस्थापित तेथे आश्रयाला होते. नोव्हेंबर १९९९ मध्ये तेथेही तोफगोळे पडून आश्रित मृत्युमुखी पडले. कसौलीत विक्रमला ऐकून घेणारे कोणी भेटले. मडूसारख्या ठिकाणी जीव मुठीत धरून बसलेल्यांना या चित्रपटात तसे कोणी भेटत नाही.