उमेदवारांचा वाद आणि 'म्हणे'चे व्याकरण

अमेरिकेच्या अध्यक्षपदाचे दोन उमेदवार एका व्यासपीठावर येऊन जे बोलतात, त्यास मराठी वृत्तपत्रे कधी 'वादविवाद' म्हणतात, कधी 'महाचर्चा', तर कधी सरळ 'डिबेट'. संज्ञेची ही अस्थिरता केवळ भाषांतरकाराच्या घाईतून आलेली नाही. जी गोष्ट व्यवहारात रुळलेली असते तिचे नाव भाषेत लवकर स्थिरावते. 'सभा' या शब्दाचे पाहावे. जाहीर सभा, प्रचारसभा, चौकसभा, कोपरा सभा, सांगता सभा, आणि गेल्या काही वर्षांत 'उत्तरसभा' : एवढा परिवार या एका शब्दाने निवडणुकीच्या भाषेत वाढविला आहे. दोन उमेदवारांनी समोरासमोर बोलण्यास मात्र मराठीत अद्याप हक्काचे नाव नाही.

ह्यावरून मराठी लेखनात दोन मते वारंवार मांडली जातात. पहिले असे की, अमेरिकन पद्धती हीच खरी लोकशाहीची रीत असून आपली सभा म्हणजे नुसता वक्तृत्वाचा फड होय. दुसरे असे की, तो सारा दूरचित्रवाणीचा खेळ असून मतदाराशी प्रत्यक्ष नाते जोडते ती सभाच. दोन्ही मते वक्त्याच्या गुणदोषांवर थांबतात. भेद आहे तो प्रतिस्पर्धी कोणत्या पुरुषात बोलला जातो ह्यात, आणि तो व्याकरणाच्या अंगाने तपासल्याखेरीज नीट उमगणार नाही.

मराठीत 'म्हणे' हे एक विलक्षण अव्यय आहे. ते 'म्हणणे' या धातूपासून निघाले खरे, परंतु लिंगवचनाचे कोणतेही बंधन त्यास उरलेले नाही. 'ते म्हणे राजीनामा देणार' या वाक्यात बोलणारा ऐकीव माहिती सांगतो आणि तिची जबाबदारी अंगावर घेत नाही. सूर थोडा बदलला की हीच ऐकीव माहिती उपहास होते. आता हेच वाक्य द्वितीय पुरुषात घालून पाहावे : 'तुम्ही म्हणे राजीनामा देणार!' येथे उपहास संपत नाही, परंतु वाक्याचा स्वभाव पालटतो. ते प्रश्न होते. समोरच्यास 'हो' किंवा 'नाही' म्हणावेच लागते, आणि तो गप्प राहिला तर ते मौनही उत्तरच ठरते. एकच अव्यय, पण ज्याच्याविषयी बोलावयाचे तो गैरहजर असता निकाल देते, आणि तो समोर असता प्रश्न विचारते. मराठी सभेचे बहुतेक बळ आणि बहुतेक दौर्बल्य ह्या पहिल्या प्रकारात आहे.

१९६७ च्या लोकसभा निवडणुकीत दक्षिण मुंबईत केंद्रीय मंत्री स. का. पाटील यांच्याविरुद्ध जॉर्ज फर्नांडिस उभे होते. 'देवसुद्धा मला पाडू शकणार नाही' अशा आशयाचे काही पाटील बोलले, फर्नांडिस यांच्या बाजूने ते उचलले, आणि 'देव पाडू शकत नसेल, पण तुम्ही पाडू शकता' असे भित्तिपत्रकांवर आले, ही कथा सर्वश्रुत आहे. पाटील हरले. मूळ वाक्य नेमके कोणत्या प्रश्नाच्या उत्तरात, कोणत्या सुरात उच्चारले गेले, हे त्या वेळच्या मतदारास विचारण्याची सोय नव्हती, आणि त्यास गरजही वाटली नाही. मतदारापर्यंत जे पोचले ते पाटलांचे वाक्य फर्नांडिस यांच्या अवतरणातून. प्रचारकलेचा नमुना म्हणून ही गोष्ट कौतुकाने सांगितली जाते, आणि ते कौतुक योग्यच आहे. परंतु तीत वाद नाही.

पुढील काळात सभेने आपल्या ह्या उणिवेवर स्वतःच उपाय शोधले. २०१९ साली पक्षाचा एकही उमेदवार उभा नसता राज ठाकरे यांनी सभांतून 'लाव रे तो व्हिडिओ' म्हणत प्रतिपक्षाची जुनी वक्तव्ये पडद्यावर दाखविली. भाषिक दृष्ट्या हे पाऊल लहान नव्हे. 'म्हणे'च्या जागी प्रत्यक्ष उच्चार आला. तरीही चित्रफीत कोठे सुरू करावयाची आणि कोठे थांबवावयाची हे ती लावणाराच ठरवितो, आणि पडद्यावरचा माणूस 'पुढचे वाक्यही दाखवा' असे म्हणू शकत नाही. दुसरा उपाय उत्तरसभेचा. २ एप्रिल २०२२ रोजी शिवाजी पार्कवर झालेल्या सभेवर टीका झाली, तेव्हा त्याच वक्त्याने १२ एप्रिलला ठाण्यात उत्तरसभा घेतली. २०२३ च्या ऑगस्टमध्ये बीड येथे शरद पवार यांच्या सभेनंतर दहा दिवसांनी अजित पवार यांची सभा झाली, तिलाही वृत्तपत्रांनी उत्तरसभाच म्हटले. उत्तर देण्याची निकड मराठी राजकारणास मान्य आहे हे ह्यावरून स्पष्ट होते. फक्त प्रश्न आणि उत्तर यांच्यामध्ये दहा दिवस जातात, श्रोते बदलतात, आणि प्रतिपक्ष दोन्ही खेपेस तृतीय पुरुषातच राहतो. सर्वनामेही ह्याच सवलतीने फिरतात. आरंभी 'ते' असलेला नेता टाळ्यांबरोबर 'तो' होतो, आणि अखेर 'हा माणूस'. समोर बसलेल्याशी असे करणे मराठी माणसास सहसा जमत नाही.

मग अमेरिकन पद्धतीत द्वितीय पुरुष खरोखर साधतो काय? वाटतो त्याहून कमी. २६ सप्टेंबर १९६० रोजी शिकागो येथे केनेडी आणि निक्सन यांची पहिली दूरचित्रवाणी भेट झाली. त्या वर्षी अशा चार झाल्या, आणि त्यानंतर १९७६ पर्यंत एकही झाली नाही. निक्सन यांचा चेहरा आणि रेडिओच्या श्रोत्यांचा उलट कौल ही आख्यायिका फार तोकड्या पाहणीवर उभी आहे. तिचा पुनरुच्चार आता थांबवावयास हरकत नाही. उमेदवार बोलतात ते बहुधा प्रश्नकर्त्याशी अथवा कॅमेऱ्याशी. शेजारी उभा असलेला मनुष्य 'माझे प्रतिस्पर्धी' एवढाच उरतो. १९८४ साली आपल्या वयाविषयीच्या प्रश्नावर रेगन यांनी प्रतिस्पर्ध्याच्या तारुण्याचा आणि अननुभवाचा राजकीय लाभ आपण घेणार नाही असे म्हटले, तेव्हा मॉन्डेल काही पावलांवर उभे होते, आणि तेही हसले. विनोद सर्वस्वी तृतीय पुरुषातील होता. १९८० मध्ये रेगन यांनी कार्टर यांना उद्देशून 'पुन्हा तुमचे तेच सुरू झाले' अशा अर्थाचे जे म्हटले, ते द्वितीय पुरुषात होते खरे. पण त्याने कशाचेच खंडन झाले नाही.

उपयोग झाला तो १९७६ मध्ये. पूर्व युरोपवर सोव्हिएट वर्चस्व नाही, असे फोर्ड म्हणाले. प्रश्नकर्ते मॅक्स फ्रँकेल यांनी त्यांना तेच पुन्हा विचारून विधान सुधारण्याची वाट मोकळी करून दिली. फोर्ड यांनी ती घेतली नाही. उलट युगोस्लाव्हिया, रुमानिया, पोलंड अशी नावे घेऊन विधान पक्के केले. येथे 'म्हणे'स जागाच राहिली नाही. वाक्य त्यांचे, संदर्भ त्यांचा, आणि दुसरी संधीही त्यांचीच.

न्यायदर्शनाने कथेचे वाद, जल्प आणि वितंडा असे तीन प्रकार मानले आहेत. तत्त्वनिर्णयासाठी होतो तो वाद. जिंकण्यासाठी, छलादी साधने वापरून होतो तो जल्प. स्वतःचा पक्ष न मांडता केवळ परपक्षाचे खंडन करणे ही वितंडा. ह्या कसोटीस निवडणुकीतील कोणतेही भाषण वाद म्हणून उतरणार नाही, आणि त्याचा खेद करण्याचेही कारण नाही, कारण निवडणूक जिंकण्यासाठीच असते. परंतु छलाचे शास्त्रातील उदाहरण येथे फार उपयोगी आहे. 'हा नवकंबल आहे', म्हणजे ह्याच्याजवळ नवे कांबळे आहे, असे एक जण म्हणतो. दुसरा 'नव' म्हणजे नऊ असा अर्थ घेऊन 'ह्याच्याजवळ नऊ कांबळी कोठे आहेत?' असे विचारतो. छल उघडा पाडण्यास एकच गोष्ट लागते : 'माझा अर्थ नवे असा होता' हे सांगण्यास मूळ वक्ता जागेवर असला पाहिजे. जल्प समोरासमोर होतो म्हणून त्यातील छल पकडता येतो. एकतर्फी सभेत नऊ कांबळी नऊच राहतात.

हे सर्वांत स्पष्ट दिसते ते अध्यक्षीय निवडणुकीत नव्हे, तर १८५८ मध्ये इलिनॉय राज्यात लिंकन आणि डग्लस यांच्यात सेनेटच्या जागेसाठी झालेल्या सात वादांत. पहिल्याने एक तास बोलावे, दुसऱ्याने दीड तास, आणि पुन्हा पहिल्याने अर्धा तास, अशी वाटणी होती. मध्ये प्रश्नकर्ता नव्हता. स्थळे राज्याच्या उत्तरेपासून दक्षिणेपर्यंत विखुरलेली होती, आणि गुलामगिरीविषयीचे लोकमत उत्तरेस एक तर दक्षिणेस दुसरे होते. लिंकन यांची तत्त्वे उत्तरेस एका रंगाची व दक्षिणेस दुसऱ्या रंगाची होतात, हा डग्लस यांचा आरोप. तो खोटा म्हणून सोडून देता येत नाही. वर्णसमतेविषयीची लिंकन यांची दक्षिणेकडील भाषा त्यांच्या चाहत्यांस आजही अडचणीची वाटते. पण हा आरोप करता आला तोच मुळी प्रतिस्पर्धी दोन्ही ठिकाणी हजर होता म्हणून. लघुलेखकांनी भाषणे शब्दशः टिपली. प्रत्येक पक्षाचे पत्र आपल्या माणसाची वाक्ये सावरून आणि दुसऱ्याची ओबडधोबड ठेवून छापते, अशी तक्रार दोन्ही बाजूंनी झाली. पुढे १८६० मध्ये पुस्तक निघाले तेव्हा लिंकन यांनी आपली भाषणे 'ट्रिब्यून'च्या आणि डग्लस यांची त्यांच्या पक्षाच्या 'टाइम्स'च्या वृत्तांतावरून घेतली. प्रतिपक्षाचे अवतरण प्रतिपक्षाच्याच पत्रातून घ्यावे : अवतरणाचा ह्याहून प्रामाणिक नियम निवडणुकीच्या इतिहासात क्वचितच आढळेल.

असा प्रकार मराठी स्वभावात बसत नाही, हे म्हणणे टिकणारे नाही. त्याच्या आदल्याच वर्षी, १८५७ मध्ये, मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर विष्णुबावा ब्रह्मचारी आणि ख्रिस्ती मिशनरी यांच्यात जमावासमोर धर्मविषयक वाद झाले. मिशनऱ्यांच्या बाजूने बोलणारे जॉर्ज बोवेन हे अमेरिकनच होते. त्यांनी त्याच वर्षी इंग्रजीत वृत्तांत प्रसिद्ध केला. पुढे मराठीतही 'समुद्रकिनारीचा वादविवाद' निघाला. 'वादविवाद' या शब्दास समोरासमोरचा अर्थ मराठीत होता, तो असा. शाळामहाविद्यालयांच्या स्पर्धांनी त्याची पुढे वक्तृत्वाच्या ढालीवर बोळवण केली, ही गोष्ट वेगळी.

ह्या चर्चेचे प्रत्यक्ष मोल पाहावयाचे तर ठाणे लोकसभा मतदारसंघाच्या पश्चिम टोकाकडे जावे. भाईंदरच्या पश्चिमेस राई, मुर्धे, मोर्वा ही जुन्या आगरी वस्तीची गावे आहेत. दहिसरहून मीरा-भाईंदरकडे येणाऱ्या मेट्रो ९ ची कारशेड प्रथम येथे योजिली गेली. गावकऱ्यांनी जमिनींसाठी विरोध केला, आणि जागा उत्तनजवळ डोंगरी येथे हलविण्यात आली. तेथे २०२५ मध्ये वृक्षतोडीवरून विरोध उभा राहिला. आता कोणत्याही उमेदवारास राईच्या सभेत 'येथे नको' आणि डोंगरीच्या सभेत 'तेथे नको' असे म्हणणे सोपे आहे. दोन्ही वाक्ये त्या त्या ठिकाणी खरीच वाटतील. डग्लस यांचा रंगाचा आरोप येथे करावयाचा कोणी? तो करण्यास प्रतिस्पर्धी राईतही हवा आणि डोंगरीतही, आणि दोन्ही गावचे श्रोते एकमेकांचे वृत्तांत वाचणारे हवेत.

अशा वादाची भाषा कोणती असेल, हा त्यातील अवघड भाग आहे. आगरी बोलीत वडीलधाऱ्यासही 'तू' म्हणण्याची रीत आहे, आणि तीत अनादराचा लेशही नसतो. राईचा म्हातारा उमेदवारास विचारील ते 'तू'करूनच विचारील. उमेदवार उत्तर देईल ते 'आपण' आणि 'तुम्ही' यांच्या छापील मराठीत. दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रात तो 'तू' तसाच ठेवावा की 'तुम्ही' करून सावरावा, हा वृत्तांतकाराचा प्रश्न इलिनॉयच्या लघुलेखकांच्या प्रश्नाच्याच जातीचा आहे.