स्वर्गारोहण आणि कोकणातील एलियाहू हनाबी

प्रारंभिक ज्यू गूढवादाच्या ‘हेखालोत’ वाङ्मयात साधक सात स्वर्गीय महाल ओलांडून ईश्वराच्या सिंहासनापर्यंत पोहोचतो. द्वारपाल देवदूतांना त्यास गुप्त नामांच्या मुद्रा दाखवाव्या लागतात. गेर्शोम शोलेम यांनी १९४१च्या ग्रंथात हे वाङ्मय ज्यू गूढवादाच्या आरंभी ठेवले. तथापि अशा ग्रंथनिष्ठ विवेचनात लोकश्रद्धा गौण ठरते. अग्निरथातून स्वर्गारूढ झालेल्या एलियाहू संदेष्ट्याच्या रथाची खूण अलिबागजवळील खंडाळ्याच्या खडकावर उमटली, अशी कोकणातील बेने इस्राएल समाजाची श्रद्धा आहे. नवस फेडताना त्याच्या नावे पोहे, खोबरे, साखर व फळे यांचा मलिदा केला जातो. तेथे आरोहण हा मोजक्या अधिकाऱ्यांचा मार्ग. येथे मात्र संदेष्टा कुटुंबाच्या ताटापाशी येतो. म्हणूनच या श्रद्धेस गूढवादाचे क्षीण रूप न मानता स्वतंत्र अर्थनिर्मिती मानणे उचित ठरते.