दगडाचं पेन: देह की अंगरखा?

मित्रहो, गेल्या वेळी आपण कारणविचारापाशी थांबलो होतो. आज त्याचं उदाहरण आम्ही खिशात घालूनच आलो आहोत. काळ्या संगमरवराचं हे पेन एका विद्यार्थ्यानं हातानं घडवून आम्हाला निवृत्तीच्या दिवशी दिलं. अशा पेनांचं कौतुक एकाच शब्दात होतं: 'अखंड दगड'. आमची हरकत या शब्दाला आहे.

न्यायवैशेषिक सांगतात, तंतू हे पटाचं समवायी कारण. तंतू काढून घेतले की पट उरत नाही. आता या पेनाचा दगड काढून घ्या. पितळी नळी उरते, निब उरते, शाई उरते. म्हणजे लिहिणारं सगळं शाबूत! मग दगड हा देह की अंगरखा?

कारागिराचाही नाइलाज असतो, बरं का. दगड दाब सोसतो. ताण आणि वाक सोसत नाही. हिऱ्याच्या गिरमिटानं, पाणी सोडत, सावकाश भोक पाडावं लागतं. घाई केली तर गिरमिट बाहेर पडतं तिथेच कपचा उडतो. पातळ दगडात आटे पाडले तर झाकण फिरवताना ते तुटतात. म्हणून आटे धातूचे. पितळ तापलं की दगडापेक्षा जास्त फुगतं. म्हणून मधला डिंकही थोडा लवणारा लागतो.

या अडचणी लपवण्याची काय गरज? काही जण दगडाची भुकटी रेझिनमध्ये बांधतात. व्हिस्कोंतीच्या 'होमो सेपियन्स' पेनात एटनाचा लाव्हा असाच मिसळलेला असतो, आणि कंपनी तसं सांगते. त्यात गैर काही नाही. गैर आहे ते भेगेत काळा डिंक भरून 'अखंड' म्हणणं. खंबायतचे कारागीर लोखंडी टोकावर अकीक टेकवून शिंगाच्या हातोडीनं त्याचे कपचे काढतात आणि मणी घडवतात. तिथे ठिसूळपणा हीच कामाची रीत. पेनात मात्र आपण त्याची लाज बाळगतो.

मागच्या वर्षी हे पेन आमच्या हातातून पडलं. पांढऱ्या शिरेवर भेग गेली. विद्यार्थी म्हणाला, "सर, भरून देतो, कळणारही नाही." आम्ही नको म्हटलं. पेन अजून लिहितं, आणि त्याच पितळामुळे लिहितं हेही कबूल करायला हवं.

मग दगड व्यर्थ का? आधी आम्हाला तसंच वाटायचं. आता हात कापतो, आणि रेझिनच्या दुपटीहून जड असलेला हा दगड त्याला थोडा स्थिर करतो. वैशेषिकांनी गुरुत्व हा गुणच मानला आहे. दगडामुळे हे पेन 'पेन' होत नाही, 'हे' पेन होतं. तेव्हा परीक्षा करताना चकाकी पाहू नका. तोंडाशी पितळ उघडं दाखवलंय का, भिंत पुरेशी जाड आहे का, शीर कुठून जाते, ते पाहा.

पेन पहिल्या रांगेपासून फिरवा. फक्त सांभाळून, भेग उजव्या बाजूला आहे.