संगीताभिरुची आणि ध्वनिसाधनांचे मूल्यमापन : पिंपरी-चिंचवड व चाकण औद्योगिक पट्ट्याच्या संदर्भात

प्रस्तावना :

हेडफोन, इअरफोन अथवा स्पीकर यांच्याविषयीचे मत हे यंत्राविषयीचे मत असते, असे मानण्याचा प्रघात आहे. 'आवाज स्वच्छ आहे', 'बास कमी पडतो', 'आवाज कानाला टोचतो' ही विधाने वस्तूचे गुणवर्णन म्हणून उच्चारली जातात व तशीच स्वीकारलीही जातात. मात्र मत देणाऱ्याने त्या यंत्रावर कोणते संगीत ऐकले, ही गोष्ट अशा विधानांत बहुधा अनुक्त राहते. ती अनुक्त राहिल्यामुळे अभिरुचीतील भेद यंत्राचा दोष म्हणून नोंदला जातो, आणि पुष्कळदा ऐकणाऱ्याचाही.

या प्रश्नाचा विचार करण्यास पिंपरी-चिंचवड ते चाकण हा पट्टा विशेष उपयुक्त आहे. देहू व आळंदी ही वारकरी संप्रदायाची क्षेत्रे त्याला लागूनच आहेत. 1953 पासून चालत आलेल्या सवाई गंधर्व महोत्सवाचे पुणे शेजारी आहे. कारखान्यांच्या निमित्ताने मराठवाडा, विदर्भ, उत्तर प्रदेश व बिहार येथून आलेला कामगार आपापले संगीत मोबाइलमध्ये घेऊन येथे राहतो. योगायोग असा की, हेडफोनचा 'योग्य' आवाज कोणता यावर जगात सर्वाधिक चर्चिले गेलेले संशोधन ज्या हरमन कंपनीने केले, तिचा मोटारींतील ध्वनी व माहितीयंत्रणा तयार करणारा कारखानाही चाकणलाच आहे.

खर्ज, जवारी आणि बास :

काळी एक पट्टीत गाणाऱ्या पुरुष गायकाचा मध्य षड्ज सुमारे 138 हर्ट्झचा असतो. तंबोऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, म्हणजे सुमारे 69 हर्ट्झवर बोलते. कानात घट्ट न बसणारा साधा इअरफोन इतका खालचा स्वर नीट पोहोचवू शकत नाही. तरीही त्यावर तंबोरा ऐकणाऱ्याला खर्ज नाहीसा झाला असे वाटत नाही. याचे कारण जवारीत आहे. घोडीच्या वक्र पृष्ठभागामुळे व तीवरील दोऱ्यामुळे तारेतून उपस्वरांची विपुल रास निघते. या घटनेचा शास्त्रीय अभ्यास सी. व्ही. रामन यांनी 1921 मध्ये प्रसिद्ध केला होता. ही रास शाबूत असली की तिच्यावरून मूळ स्वर मनुष्याचा कान स्वतःच उभा करतो. म्हणून ख्यालाच्या श्रोत्याला बास कमी असलेला इअरफोन सहसा खटकत नाही. जवारी बोथट करणारा मात्र तत्काळ खटकतो. बास फुगवलेल्या हेडफोनवर डग्ग्याची आस गायकाच्या आवाजावर पसरते, आणि तो त्याला 'घुमणारा' म्हणून बाजूला सारतो.

डीजेच्या गाण्यातील बासची प्रकृती निराळी आहे. तो पुष्कळदा 40 ते 60 हर्ट्झच्या आसपासचा, इलेक्ट्रॉनिक व उपस्वरांनी दरिद्री असतो. यंत्राने तो दिला नाही तर कानाला तो रचून घेता येत नाही. गाण्याचा पायाच निघून जातो. तेव्हा त्याच इअरफोनला 'पोकळ' म्हणणारा तरुण आणि 'गोड' म्हणणारा ख्यालाचा रसिक हे दोघेही आपापल्या ठिकाणी अचूक बोलत असतात. यांपैकी पहिल्याचे मत असंस्कृत कानाचे लक्षण समजण्याची जी सवय सुशिक्षित वर्गात आढळते, तिला ध्वनिशास्त्राचा आधार नाही.

वारकरी भजनाचा श्रोता या दोघांहून वेगळी कसोटी लावतो. तेथे शब्द प्रथम. मृदंगाचा घुमारा थोडा उणा चालेल, पण अनेक टाळांचा एकत्रित नाद वरच्या पट्ट्यात इतका दाट असतो की, झगमगाटासाठी तीव्र स्वर वाढवलेल्या इअरफोनवर त्याची खरखर होते आणि अभंगाची व्यंजने तीत बुडतात. दुकानात 'क्लियर' म्हणून विकला जाणारा नग येथे अस्पष्ट ठरतो.

जुन्या नाट्यसंगीताच्या चाहत्याची अडचण तर विपरीतच म्हणावी लागेल. बालगंधर्वांच्या 78 फेऱ्यांच्या तबकड्यांत नोंदलेला ध्वनिपट्टा मुळातच अरुंद आहे. महागडा, सूक्ष्मदर्शी हेडफोन त्या पट्ट्यात काहीही भर घालू शकत नाही. सुईची खसखस तेवढी अधिक निष्ठेने ऐकवतो.

'योग्य' आवाजाचे संशोधन :

फ्लॉइड टूल यांनी या गुंत्याला 'गोंधळाचे वर्तुळ' म्हटले आहे. ध्वनिमुद्रण कोणत्या तरी स्पीकरवर ऐकून सिद्ध केले जाते, आणि पुढे त्याच ध्वनिमुद्रणावरून इतर स्पीकर पारखले जातात. हरमनमधील शॉन ऑलिव्ह व त्यांच्या सहकाऱ्यांनी यंत्राचे नाव झाकून श्रोत्यांची पसंती तपासली आणि तीवरून हेडफोनसाठी एक आदर्श ध्वनिरेषा मांडली. 2018 च्या अभ्यासात सुमारे 64 टक्के श्रोते या रेषेच्या बाजूचे, 15 टक्के अधिक बास मागणारे व 21 टक्के कमी बास मागणारे आढळले. नाव झाकण्याची ही शिस्त मोलाची आहे आणि तिचे निष्कर्ष सहज झटकून टाकण्याजोगे नाहीत. परंतु या संशोधन-परंपरेत कसोटीसाठी वापरलेले संगीत मुख्यतः पाश्चात्य लोकप्रिय संगीत आहे. ट्रेसी चॅपमन यांचे 1988 चे 'फास्ट कार' हे त्यातील सुपरिचित उदाहरण. यंत्राचे नाव झाकले गेले, कसोटीचे संगीत मात्र ठरलेलेच राहिले. तंबोरा, टाळ-मृदंग किंवा ढोल-ताशा यांवर हेच प्रमाण काढले तर ते नेमके याच जागी येईल, असे गृहीत धरता येत नाही.

अभिरुची आणि परिस्थिती :

बासच्या ओढीला केवळ अभिरुची म्हणणेही अपुरे आहे. पाळी संपवून कंपनीच्या बसने घरी जाणारा कामगार गाणी ऐकतो ती इंजिनाच्या घरघरीत. ही घरघर प्रामुख्याने खालच्या पट्ट्यातील असल्याने गाण्याचा खालचा भाग प्रथम झाकते. म्हणून तो बास वाढवतो. प्रेसशॉपसारख्या विभागातून आलेला कान आधीच थकलेला असतो. कारखान्यांच्या नियमांनुसार आठ तासांना 90 डेसिबलची मर्यादा आहे, आणि अशा गोंगाटाचा आघात सर्वप्रथम 4000 हर्ट्झच्या आसपास, म्हणजे नेमका व्यंजनांच्या व टाळांच्या प्रदेशात जाणवतो. मग तो एकूण आवाजही वाढवतो. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 च्या मानकात वैयक्तिक श्रवणासाठी सांगितलेली मर्यादा आठवड्याला 40 तास, 80 डेसिबल इतकी आहे. त्यात कारखान्यातील आठ तास धरलेलेच नाहीत.

सुट्टीच्या दिवशी, खोलीत शांतता असताना, हाच कामगार तोच इअरफोन लावतो तेव्हा काल भरीव वाटलेला आवाज त्याला घुमल्यासारखा वाटू शकतो.