अप्पांची मिळकत आणि इराची चीड

वि. वा. शिरवाडकरांचे ‘नटसम्राट’ १९७० साली रंगभूमीवर आले. आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात त्यातले स्वगत म्हणणारा एखादा विद्यार्थी अजूनही निघतोच, आणि पहिल्या रांगेत डोळे पुसणारा मीही असतो. परंतु अलीकडे मला अप्पासाहेबांचा थोडा राग येऊ लागला आहे. निवृत्त होताच हा गृहस्थ सारी मिळकत मुलांना वाटून टाकतो. कावेरीसाठीदेखील काही राखून ठेवीत नाही. (लिअर राजाने तरी दुसरे काय केले?) आपण याला औदार्य म्हणतो आणि पुढचा सगळा दोष मुलांच्या पदरात घालतो. सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मिळकत, अट मोडल्यास, परत मिळविण्याची सोय २००७ च्या कायद्याने केली आहे. पण मुळात अट घालायला अप्पा तयार झाले असते काय?

जयवंत दळवींच्या ‘संध्याछाया’तील मुले वाईट नाहीत, दूर आहेत. ही पुढची पायरी खरी. तरीही रात्री ओले झालेले अंथरूण बदलायचे कोणी, या प्रश्नापाशी दोन्ही नाटके थांबत नाहीत.

‘अस्तु’ (२०१३) थांबतो. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या या चित्रपटात स्मृती हरवलेले संस्कृत पंडित चक्रपाणी शास्त्री हत्तीमागून लहान मुलासारखे चालत जातात. त्यांना शोधणाऱ्या इराला संसार आहे, चीड आहे, आणि चिडल्याची लाजही आहे. चित्रपट तिला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करीत नाही, हे मला फार मोठे वाटते. माहुताची बायको चन्नम्मा (नावावरूनच आपल्या ओळखीची!) त्यांना लेकरासारखे सांभाळते. मात्र इथेच माझी तक्रार आहे. चन्नम्माची माया थोड्या वेळाची, इराची वर्षानुवर्षांची. प्रेक्षक दोघींना एकाच तराजूत घालून बाहेर पडतो.

हे मी तटस्थपणे लिहू शकत नाही. माझ्या आईचे माहेर धारवाडकडचे. अखेरच्या दोन वर्षांत तिची मराठी गळून गेली, परकरातली कन्नड तेवढी उरली. मी मराठीचा एम. ए., सीमाप्रश्नावर भाषणे केलेला. बाजारापुरती कन्नड मला येत होती. कुठे दुखते, भीती कशाची वाटते, हे विचारण्याची येत नव्हती. दिवसा सोबतीला येणाऱ्या बाईंना आईचे सगळे कळे. रात्री त्या नसत. मग त्यांच्याकडूनच मी एका जुन्या वहीत शब्द उतरवून घेऊ लागलो. ‘अस्तु’ पाहून घरी आल्यावर ती वही काढली. पहिला शब्द ‘नोवु’, म्हणजे दुखणे. त्याखाली बाईंनी माझा उच्चार दोनदा सुधारल्याची खूण आहे.