वीज बाजारातला गैरव्यवहार : प्रशिक्षण काय शिकवतं आणि काय सोडून देतं

जुलै 2025 मध्ये मुंबईच्या एमसीएक्स आणि एनएसई या दोन्ही बाजारांत विजेचे वायदे सुरू झाले. म्हणजे विजेच्या घाऊक व्यापारात काम करणारी माणसं वाढणार, आणि त्यांच्यासाठी ‘बाजारातला गैरव्यवहार कसा टाळावा’ अशी प्रशिक्षणंही वाढणार. तुमच्यापैकी काहीजण एमएस्सीनंतर त्या बाजूला वळतील, काहीजण त्यावर संशोधन करतील. म्हणून या प्रशिक्षणांच्या साच्याकडे जरा चिकित्सकपणे बघूया.

साचा साधारण ठरलेला असतो. आधी व्याख्या: जाहीर न झालेल्या माहितीवर सौदा करणं, भाव कृत्रिमपणे हलवणं, संगनमत करणं. युरोपात याला 2011 च्या ‘रेमिट’ कायद्याचा आधार आहे, आपल्याकडे केंद्रीय वीज नियामक आयोगाच्या 2021 च्या वीज बाजार नियमांचा. मग काय करावं आणि काय करू नये याची यादी. शेवटी बहुपर्यायी प्रश्न आणि प्रमाणपत्र.

यात चुकीचं काही नाही. व्याख्याच माहीत नसेल तर पुढचं काय कळणार? माझा आक्षेप वेगळा आहे. हे प्रशिक्षण नियम ओळखायला शिकवतं, पण ‘आमचा संच बंद आहे’ हे विधान तपासायला शिकवत नाही. आणि विजेच्या बाजारातली लबाडी बरेचदा याच विधानात लपलेली असते.

आधी हिशोब करून बघा

वीज धान्यासारखी कोठारात भरून ठेवता येत नाही. आदल्या दिवशीच्या बाजारात दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे 96 भाग पाडतात. ढोबळमानानं, प्रत्येक भागात मागणी भागवायला लागलेल्या सगळ्यात महाग विजेचा भाव सगळ्या विक्रेत्यांना मिळतो.

आता एक काल्पनिक उदाहरण घ्या. एका कंपनीकडे 500 मेगावॉटचे पाच संच आहेत आणि भाव युनिटला 4 रुपये आहे. तासाला 25 लाख युनिट, मिळकत 1 कोटी. एक संच ‘बिघडला’, वीज कमी पडली, भाव 6 रुपयांवर गेला. आता तासाला 20 लाखच युनिट, पण मिळकत 1 कोटी 20 लाख. वर एका संचाचा कोळसा वाचला तो वेगळाच! इथे ना खोटा सौदा झाला, ना कुणाशी संगनमत. फक्त एक संच बंद असल्याचं कळवलं गेलं.

एन्रॉनचा जानेवारी 2001

जुलै 2000 मध्ये एन्रॉननं 64 पानांची नीतिसंहिता काढली होती. ती वाचून पाळतो, अशी सही कर्मचाऱ्यांकडून घेतली जायची. पुढच्या जानेवारीत, कॅलिफोर्निया अंधारात चाचपडत असताना, एन्रॉनच्या ट्रेडरनं लास व्हेगासच्या एका वीज केंद्राला संच बंद ठेवायला काहीतरी कारण शोधायला सांगितलं. फोनवरचं ते बोलणं रेकॉर्ड झालं होतं, ते काही वर्षांनी बाहेर आलं.

त्याच महिन्यात आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात, एन्रॉनच्याच दाभोळ प्रकल्पात, दुसरी गोष्ट घडली. करारानुसार थंड अवस्थेतला संच तीन तासांत पूर्ण क्षमतेला पोचायला हवा होता. 28 जानेवारीला महाराष्ट्र राज्य वीज मंडळानं वीज मागितली. ती ठरल्या वेळेत आली नाही, उपलब्धता चुकीची जाहीर केली, असं म्हणत मंडळानं 401 कोटींचा दंड लावला. कंपनीला तो मान्य नव्हता. मंडळानं बिलं थकवल्याचा वादही चालूच होता. म्हणून कोण खरं, हा निकाल मी इथे देत नाही. शिवाय हे बाजारातलं नव्हे, दोन पक्षांच्या करारातलं भांडण होतं. पण पद्धत बघा: मंडळानं जाहीर केलेला आकडा घेतला आणि समोर घड्याळ लावलं. 64 पानांत जे नव्हतं ते इथे होतं.

पण घाई नको

‘भाव चढले तेव्हा संच बंद होता, म्हणजे लबाडी’ असं लिहाल तर कुठलाही परीक्षक प्रबंध परत पाठवेल. वर्ध्याचा मे महिना आठवा. ज्या उन्हानं कूलर-पंख्यांची मागणी वाढते, त्याच उन्हानं यंत्रंही ट्रिप होतात. भाव आणि बिघाड दोन्ही एकाच कारणानं वाढू शकतात. कधी संच ठणठणीत असतो, पण देवळीजवळच्या 765 केव्ही उपकेंद्रासारख्या ठिकाणाहून निघणारी वाहिनी भरलेली असते.

पॉल जॉस्को आणि एडवर्ड कान यांनी 2002 च्या शोधनिबंधात म्हणूनच वेगळा रस्ता धरला. कॅलिफोर्नियाच्या 2000 च्या उन्हाळ्यात स्पर्धा असती तर भाव किती असता, हे त्यांनी आधी काढलं. मग महागड्या तासांत कोणत्या केंद्रांनी परवडत असूनही कमी वीज काढली ते पाहिलं. राखीव क्षमता, बिघाड वगैरे वजा करूनही तूट उरली, तेव्हाच त्यांनी वीज रोखून धरल्याचा निष्कर्ष काढला.

आपल्याकडे मार्च 2022 मध्ये भाव 20 रुपयांवर गेला आणि 1 एप्रिलला आयोगानं 12 रुपयांची मर्यादा घातली. मर्यादेनं भाव थांबतो, पण टंचाई किती खरी होती याचं उत्तर मिळत नाही. ते मोजूनच काढावं लागतं.

मला विचाराल तर अशा प्रशिक्षणातले अर्धे बहुपर्यायी प्रश्न काढून तिथे एकच काम द्यावं. तेच तुम्हालाही सांगतो. वीज बाजाराच्या संकेतस्थळावरून एका महिन्याचे 96 भागांचे भाव घ्या. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या रोजच्या अहवालातून बंद संच आणि त्यांची कारणं घ्या. दोन्ही शेजारी ठेवा. मग आरोप लिहू नका. त्या बिघाडांची प्रामाणिक कारणं काय काय असू शकतात, याची यादी करा आणि प्रत्येक कारण कोणत्या आकड्यानं खोडता येईल ते समोर लिहा. ज्या कारणासमोर आकडा सापडणार नाही, तिथे तुमचा संशोधनाचा प्रश्न सुरू होतो.