अर्धा वाटा, पण कशाचा?

‘गोव्यात घटस्फोटानंतर बायकोला अर्धी मालमत्ता मिळते’ हे वाक्य लिहून आपण थांबतो. ते चूक नाही, अपुरं आहे.

१८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेनुसार, लग्नाआधी वेगळा करार नसेल तर दोघांची मालमत्ता सामाईक. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २७ ची भाषा मात्र लग्नाच्या सुमारास मिळालेल्या, दोघांच्या मालकीच्या मालमत्तेपुरती. नंतर नवऱ्याने स्वतःच्या कमाईतून स्वतःच्या नावावर घेतलेला फ्लॅट त्यात बसत नाही. म्हणजे गोवा पुढे, हे खरंच.

पण त्याच संहितेने सामाईक मालमत्तेचा कारभार नवऱ्याच्या हाती दिला. स्थावर विकायला बायकोची संमती लागे, पण रोजचा हिशोब त्याच्याकडेच. मग अर्धं कशाचं, हे तिला कळणार कसं? शोधप्रस्तावात तेवढं विचारा: मालमत्तेची यादी केली कोणी?